आधी साठवण, मग बदल : दुकानातील कॉम्प्युटरचे ड्रायव्हर कसे सांभाळावेत



नगरचा कापड बाजार असो, संगमनेर-श्रीरामपूरची पेठ असो की जामखेड-पाथर्डीचे लहान दुकान, गादीवर रोजमेळाच्या वहीशेजारी आता कॉम्प्युटर ठेवलेला दिसतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर बिल, साठा आणि हिसाब या तिन्ही गोष्टी बहुतेकांच्या त्याच एका यंत्रावर येऊन बसल्या आहेत. त्याला बिलाचा प्रिंटर जोडलेला असतो. कुठे बारकोडचे लेबल छापणारे यंत्र असते, कुठे इलेक्ट्रॉनिक काटा, कुठे डिजिटल सहीचे टोकन, तर कुठे संगणकीय भरतकामाच्या मशीनला नक्षी पाठवणारी वायर.

यातले एक जरी यंत्र ईदच्या आधीच्या आठवड्यात किंवा लग्नसराईत मुके झाले, तर गिऱ्हाईक थांबत नाही. ते शेजारच्या दुकानात जाते. यंत्र मुके होण्याची कारणे अनेक असली तरी एक कारण असे आहे की त्यावर इलाज आधीच करून ठेवता येतो, तोही फुकट. ते कारण म्हणजे ड्रायव्हर. आजच्या पाठात ड्रायव्हर म्हणजे काय, त्याची साठवण कशी करावी आणि त्यात बदल केव्हा व कसा करावा, एवढेच पाहू.

ड्रायव्हर म्हणजे तर्जुमान

येथे ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. कॉम्प्युटरमधील विंडोज एक भाषा बोलते आणि प्रिंटर दुसरी. या दोघांमध्ये बसून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. उर्दूत आपण ज्याला तर्जुमान म्हणतो आणि मराठीत दुभाष्या, त्याचेच हे काम.

प्रत्येक यंत्राचा दुभाष्या वेगळा असतो. एका कंपनीच्या प्रिंटरचा ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरला सहसा चालत नाही. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांचे ड्रायव्हरही पुष्कळदा निराळे असतात. दुभाष्या हरवला की प्रिंटर ठणठणीत असूनही कागद बाहेर येत नाही. मग आपण प्रिंटर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेतो आणि फेरी वाया जाते. क्षेत्रफळाने आपला जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या किंवा जामखेडच्या दुकानदाराला नगरहून कारागीर बोलवायचा तर एक दिवस आणि त्याचे जाण्यायेण्याचे पैसे गेलेच.

नवा ड्रायव्हर नेहमी चांगलाच, असे नाही

कॉम्प्युटरवर ‘अपडेट’ हा शब्द दिसला की पुष्कळांना वाटते, नवा माल आला, घेतलाच पाहिजे. तीन घडलेल्या घटना पाहा.

पहिली २०१४ ची. काटे, बारकोड यंत्रे आणि तत्सम उपकरणे कॉम्प्युटरला जोडण्याच्या यूएसबी वायरीत एक बारीक चिप असते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील एफटीडीआय ही कंपनी अशा चिप बनवते आणि बाजारात तिच्या नकली चिपही फार. त्या वर्षी कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला. त्याने नकली चिपची ओळखच पुसून टाकली. कालपर्यंत चालणाऱ्या वायरी आज कॉम्प्युटरला दिसेनाशा झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. पण ज्यांनी स्वस्त म्हणून वायर घेतली होती, त्यांना ती नकली आहे हे ठाऊकही नव्हते. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीच्या चिपबाबतही असेच झाले. तिचे नवे ड्रायव्हर कंपनीच्या जुन्या चिपला आणि नकली चिपला काम नाकारतात. तेथे मात्र जुना ड्रायव्हर परत बसवला की वायर पुष्कळदा पुन्हा चालू होते.

दुसरी घटना मार्च २०२१ ची. ९ मार्चला विंडोजचे अपडेट आले आणि क्योसेरा, रिको, झेब्रा या कंपन्यांच्या काही प्रिंटरांवर छपाईचा हुकूम देताच सबंध कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. झेब्राची लेबल यंत्रे व्यापारात फार चालतात. मायक्रोसॉफ्टने १५ मार्चला दुरुस्ती दिली, पण तोपर्यंत अनेकांचे कामाचे दिवस गेले.

तिसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात काम करतो. त्याला पाठवलेली एक माहितीची फाइल सदोष निघाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशातील काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणजे अपडेट करूच नये काय? असेही नाही. डेल कंपनीच्या कॉम्प्युटरांत २००९ पासून वापरात असलेल्या एका ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या चुका होत्या. त्या २०२१ साली उघड झाल्या आणि कंपनीने दुरुस्ती दिली. ज्याने ती घेतली नाही, त्याच्या घराला मागचे दार उघडेच राहिले. तेव्हा दोन्ही टोके चुकीची आहेत. दिसेल ते अपडेट घेत सुटणे चूक आणि कधीच न घेणेही चूक. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे साठवण करणे, ज्याला कॉम्प्युटरच्या भाषेत बॅकअप म्हणतात.

साठवण का हवी

समजा, कॉम्प्युटर बिघडला आणि कारागिराने विंडोज पुसून नव्याने टाकले. अशा वेळी कधीकधी इंटरनेटच्या कार्डाचाच ड्रायव्हर सापडत नाही. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट चालत नाही. पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तसा हा प्रकार. त्यातून जुन्या यंत्राचे ड्रायव्हर कंपन्या आपल्या साइटवर कायम ठेवतीलच असे नाही. कंपनी बंद पडते, विकली जाते, जुने मॉडेल यादीतून काढते. आज चालू असलेल्या कॉम्प्युटरमध्ये जो ड्रायव्हर आहे तो आपल्या यंत्राला चालतो, हे रोजच्या कामाने सिद्ध झालेले आहे. म्हणून त्याचीच नक्कल काढून ठेवावी.

साठवण कशी करावी

यासाठी पैसे देऊन कोणताही प्रोग्राम घेण्याची गरज नाही. विंडोज १० च्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये हे काम करणारे साधन आधीच असते. त्याची रीत अशी :

१. निदान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह लावा. त्याला कॉम्प्युटरने कोणते अक्षर दिले ते पाहा. येथे ते ई आहे असे समजू. पेन ड्राइव्हवर डी-बी या दोन इंग्रजी अक्षरांच्या नावाचे फोल्डर करा. फोल्डर आधी केलेले असले पाहिजे.

२. स्टार्टच्या शोधपट्टीत सी-एम-डी ही तीन अक्षरे टाइप करा. ‘कमांड प्रॉम्प्ट’ हे नाव दिसेल. त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल.

३. तिच्यात पुढील हुकूम इंग्रजी अक्षरांत टाइप करा. प्रथम पी-एन-पी-यू-टी-आय-एल. मग एक जागा सोडा. मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि तिला लागून ई-एक्स-पी-ओ-आर-टी, छोटी आडवी रेघ, डी-आर-आय-व्ही-ई-आर. पुन्हा एक जागा सोडा. मग आठच्या बटणावरची चांदणी. पुन्हा एक जागा. शेवटी ई, दोन टिंबांचे कोलन, उलटी तिरकी रेघ आणि डी-बी. आता एंटर दाबा.

४. काही मिनिटे नावे सरकत राहतील. काम संपल्यावर पेन ड्राइव्ह उघडून पाहा. डी-बी फोल्डरमध्ये बरीच लहान फोल्डरे दिसली पाहिजेत. एकेक फोल्डर म्हणजे एकेक ड्रायव्हर.

५. पेन ड्राइव्ह काढून, त्यावर कॉम्प्युटरचे नाव आणि तारीख चिकटवून गल्ल्यात किंवा घरी ठेवा. ज्या कॉम्प्युटरची साठवण आहे त्याच कॉम्प्युटरमध्ये ती ठेवून काही उपयोग नाही.

ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ आहे त्यांच्याकडे हा हुकूम चालत नाही. त्यांनी प्रत्येक यंत्राची सीडी किंवा कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल जपून ठेवावी.

तीन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, ही ड्रायव्हरची साठवण आहे, हिसाबाची नाही. बिलांचा आणि खात्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. दोन, डिजिटल सहीच्या टोकनसारख्या वस्तूंना ड्रायव्हरबरोबर स्वतःचा प्रोग्रामही लागतो. त्याची मूळ फाइल त्याच पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तीन, प्रिंटरची मांडणी, म्हणजे कागदाची लांबी, कोणते पोर्ट, बिलाचा आकार, ही या साठवणीत येत नाही. ती कागदावर लिहून ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. जो व्यापारी उधारी लिहितो, त्याने ज्या यंत्रावर ती लिहितो त्या यंत्राचीही एक नोंद ठेवावी.

परत कसा बसवावा

स्टार्टवर उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ज्या यंत्राचा दुभाष्या हरवला आहे त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण दिसतो. त्यावर उजवे बटण दाबून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा. दोन पर्याय येतील. त्यातला स्वतःच्या कॉम्प्युटरवर शोधण्याचा, म्हणजे ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ हा पर्याय घ्या. पेन ड्राइव्हवरील डी-बी फोल्डर दाखवा, ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण ठेवा आणि पुढे जा. योग्य ड्रायव्हर तो स्वतः शोधतो.

नवा ड्रायव्हर बसल्यावर बिघाड झाला असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. त्या यंत्राच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे बटण असते. ते दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिके दिसत असेल तर विंडोजकडे जुना ड्रायव्हर उरलेला नाही असे समजावे. अशा वेळी आपला पेन ड्राइव्ह कामी येतो. मात्र जुना बसवताना विंडोज कधीकधी सांगते की आहे तोच ड्रायव्हर उत्तम आहे. तेव्हा यादीतून निवडण्याचा पर्याय घेऊन ‘हॅव डिस्क’ या बटणाने जुन्या ड्रायव्हरचे फोल्डर दाखवावे. प्रिंटर नव्याने जोडतानाही हेच ‘हॅव डिस्क’ बटण उपयोगी पडते.

बदल केव्हा आणि कोठून

आमच्या मते ड्रायव्हर बदलण्यास तीनच कारणे पुरेशी आहेत : यंत्र नीट चालत नाही, सुरक्षेची दुरुस्ती आली आहे, किंवा नवे विंडोज घातले आहे. यांपैकी काहीच नसेल आणि बिल नीट निघत असेल, तर त्याला हात लावू नये.

ड्रायव्हर घ्यायचा तो यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स या वाटेने ड्रायव्हरची यादी दिसते. तिच्यातले सर्व एकदम घेऊ नका. एक घ्या, यंत्र चालवून पाहा, मग दुसरा. दुकानात दोन कॉम्प्युटर असतील तर आधी एकावर बदल करा आणि तो दोन-तीन दिवस चालू द्या, मग दुसऱ्याला हात लावा. २०२४ च्या जुलैतील नुकसान एवढे मोठे होण्याचे एक कारण हेच की सगळीकडे एकाच वेळी बदल पोहोचला होता. बदल करताना वीज जाणार नाही याची व्यवस्था असावी. यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या वेळी हे काम काढू नये.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा दिवाळीच्या खरेदीत विंडोज अपडेटमधील ‘पॉज’ या सोयीने अपडेट काही दिवस थांबवता येते. हंगाम संपताच ते पुन्हा सुरू करावे. आणि छापील बिलबुक नेहमी हाताशी असावे. यंत्र थांबले तरी धंदा थांबत नाही.

भीती विकणाऱ्यांपासून सावध

इंटरनेटवर ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचे अनेक प्रोग्राम मिळतात. सगळेच वाईट नाहीत. पण काहींची रीत अशी की ‘फुकट तपासणी’ करून लाल अक्षरांत सांगायचे, तुमचे चाळीस ड्रायव्हर जुने झाले, धोका आहे, पैसे भरा. ही यादी कशी फुगते त्याचा एक नमुना सांगतो. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पुष्कळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते. हेतू असा की यंत्राच्या कंपनीचा ड्रायव्हर नंतरच्या तारखेचा असावा आणि विंडोजने त्यालाच पसंती द्यावी. ड्रायव्हर आतून ताजा असतो, फक्त तारीख जुनी. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती तारीख दाखवून घाबरवणे सोपे.

कॉम्प्युटर दुरुस्तीचे प्रोग्राम विकणाऱ्या रीइमेज आणि रेस्टोरो या दोन कंपन्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोट्या भीतीने माल विकल्याचा आरोप ठेवला. मार्च २०२४ मध्ये त्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे कबूल केले. आपल्याकडे अशी फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. आणि पैसे वाचवण्यासाठी अशा प्रोग्रामची चोरलेली, म्हणजे क्रॅक केलेली प्रत घालू नये. ती हलालही नाही आणि तिच्यातून व्हायरस आत येतो तो वेगळाच.

जुन्या यंत्रांचा प्रश्न

विंडोज १० ची नेहमीची फुकट सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. त्यामुळे विंडोज ११ कडे जाणे किंवा नवा कॉम्प्युटर घेणे अनेकांना भाग आहे. त्यात एक मेख आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे असते. जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटचे विंडोज असेल तर तेथील ड्रायव्हर नव्यावर चालत नाहीत, मग साठवण कितीही जपलेली असो. म्हणून नवा कॉम्प्युटर घेण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि तेथे ‘अबाउट’ उघडून आपला कॉम्प्युटर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा ते पाहा, आणि प्रत्येक यंत्राचा ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीकडे आहे का ते विचारा. कॉम्प्युटर घेतल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवाल्यांनी मात्र लगेच निराश होऊ नये. विंडोजमध्ये ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ नावाचा साधा ड्रायव्हर असतो. नक्षी, लोगो किंवा देवनागरी त्यावर निघत नाही, पण इंग्रजी अक्षरांतील बिल बहुतेक डॉट मॅट्रिक्सवर निघते.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणांसाठी

आपली पुष्कळ मुले कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतात. त्यांना एक विनंती. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर हाती येतो तेव्हा त्यातील सर्व काही अमानत असते. विंडोज पुसण्याआधी, कॉम्प्युटर चालू होत असेल तर, हिसाबाची नक्कल आणि वर सांगितलेली ड्रायव्हरची साठवण आधी काढा, मगच हात घाला. काम झाल्यावर ती गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर द्या. त्याचे वाजवी पैसे मागा, ते तुमच्या मेहनतीचे आहेत. ज्याच्याकडून यंत्र पूर्वीसारखे चालत परत येते, त्या उस्तादाकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

या आठवड्याचा सराव

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी एक तास काढा आणि चार कामे करा. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे नाव आणि मॉडेल वहीत लिहा. वर सांगितल्याप्रमाणे साठवण काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बिलाच्या प्रिंटरचे किंवा काट्याचे नाव कोठे दिसते ते एकदा शोधून ठेवा. इंग्रजी सूचना समजत नसेल तर तिचा मोबाइलवर फोटो काढून जाणत्याला दाखवा, न वाचता ‘येस’ दाबू नका. दर सहा महिन्यांनी, आणि नवे यंत्र जोडले की त्याच दिवशी, साठवण पुन्हा काढा. जुनी साठवण लगेच पुसू नका, मागची एक राहू द्या.